आतल्या रंगाचा हिशेब

जुन्या मोटारीचा बाहेरचा रंग लोकांसाठी असतो, आतला घरच्यांसाठी. रस्त्यावरून जाताना वळून पाहणाऱ्याला बॉनेटची चकाकी दिसते, बंपरचे क्रोम दिसते. पण मागच्या सीटवर दाटीवाटीने बसून गणपतीला कोकणात गेलेल्या मुलाला आठवतो तो डॅशबोर्डचा पत्रा, त्यातल्या कप्प्याचे खटकन उघडणारे झाकण आणि उन्हात तापून कोपराला चटका देणारी दाराची वरची कड. आज चाळिशी-पन्नाशीला आलेली अनेक मंडळी वडिलांची किंवा आजोबांची फियाट शेडमधून बाहेर काढून पुन्हा उभी करू लागली आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. इंजिन, ब्रेक, वायरिंग यांवर ही मंडळी तासन् तास बोलतात. आतल्या रंगाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. 'त्याचे काय, शेवटी एक हात मारून टाकू,' एवढ्यावर तो विषय संपतो. माझे म्हणणे असे की, जो निर्णय सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईने घेतला जातो त्यातच नुकसान सगळ्यात मोठे होते, आणि ते भरूनही येत नाही. इंजिनाचा बिघडलेला भाग बदलता येतो. घासून टाकलेला रंग परत आणता येत नाही.

आजच्या मोटारीत वाढलेल्या मुलांना या विषयाची कल्पना येणे अवघड आहे, कारण त्यांच्या गाडीत आतून पत्रा जवळजवळ दिसतच नाही. सगळे प्लास्टिक, फोम आणि कापड. जुन्या गाडीत तसे नव्हते. डॅशबोर्ड, खिडक्यांच्या चौकटी, दाराच्या वरच्या पट्ट्या, स्टिअरिंगचा दांडा हे सारे रंगवलेले लोखंड असे. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलमध्ये तर डॅशबोर्ड हा गाडीच्या सांगाड्याचाच भाग. जो रंग बाहेर तोच आत. म्हणजे या गाड्यांत माणसाचा हात थेट रंगाला लागत होता. बाहेरच्या रंगाला ऊन आणि पाऊस भेटतो, आतल्या रंगाला माणसे भेटतात. त्याची झीज ही हवामानाची नोंद नसते, वापरणाऱ्यांची असते.

आपल्याकडे अशा गाड्यांची गोष्ट बरीचशी कुर्ल्यात घडली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. पन्नाशीच्या दशकात तेथून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिचे गोलसर नाक आणि गुबगुबीत अंग पाहून मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटले. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत, कपाटासारखे. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली, आणि तीच गाडी थोड्याफार फरकाने पुढे १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाली. ती जवळजवळ एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली, तेव्हा ज्यांनी आयुष्यात कधी टॅक्सीवाल्याशी दोन गोड शब्द बोलले नसतील, तेही हळहळले. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता इमारती उभ्या आहेत. म्हणजे उरल्या त्या फक्त गाड्या, आणि त्याही घरोघरी.

तारण गाडीची पाहणी

मी आयुष्यातली पस्तीसहून अधिक वर्षे बँकेत काढली. ऐंशीच्या दशकात वाहनकर्जाच्या कागदांवर सह्या करताना आणि नंतर तारण गाड्यांची पाहणी करताना एक गोष्ट शिकलो. गाडीची खरी हकीकत बाहेरून कळत नाही. बाहेरचा रंग गेल्या आठवड्यातला असू शकतो. दार उघडून आतली कड पाहावी. ड्रायव्हरचा कोपर जिथे टेकतो तिथला रंग किती झिजला आहे, कप्प्याच्या झाकणाच्या कडा कशा आहेत, काचेच्या रबराखाली डॅशबोर्डचा कोपरा फुगला आहे का, हे पाहिले की मीटरवरचा आकडा खरा की खोटा ते आपोआप कळते. आतला रंग गाडीचे पासबुक असते. पासबुकात न आवडलेल्या नोंदी असतात म्हणून कुणी ते धुऊन काढत नाही.

बँकेच्या भाषेतच पुढचे सांगतो. नरसिंहम समितीच्या अहवालानंतर १९९२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जांची वर्गवारी सक्तीची केली. त्याआधी सगळी कर्जे वहीत सारखीच चांगली दिसत. मग चार खाने आले : चांगले, दुय्यम, संशयित आणि बुडीत. प्रत्येक खान्याला वेगळी वागणूक. जुन्या गाडीच्या आतल्या रंगालाही हीच वर्गवारी लावावी, अशी माझी सूचना आहे. संपूर्ण गाडीला एकच शिक्का मारू नये. प्रत्येक पत्र्याचा स्वतंत्र विचार करावा.

पहिला खाना चांगल्याचा. मळलेला, तेलकट, अगरबत्तीच्या आणि सिगारेटच्या धुराने पिवळट झालेला, पण शाबूत असलेला रंग. याला रंगाची गरजच नाही, आंघोळीची आहे. सौम्य साबणाचे पाणी, मऊ फडके आणि सबुरी. त्यानंतर एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात बारीक रबिंग कंपाउंड हलक्या हाताने लावून पाहावे. फडक्यावर रंग उतरला तर घाबरायचे कारण नाही; जुन्या रंगावर आजच्यासारखा वेगळा पारदर्शक थर नसे, त्यामुळे वरची मेलेली साय निघते आणि खालचा रंग डोळे उघडतो. फक्त कडांवर जोर देऊ नये. तिथे रंग मुळातच पातळ असतो, चार वेळा हात फिरवला की लोखंड दिसू लागते. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी गाड्यांत 'पूर्ण रंग काढायला लागेल' असे ज्याला म्हटले गेले, तो रंग नुसत्या धुण्याने आणि पॉलिशने उभा राहिला.

दुसरा खाना दुय्यम. रंग झिजला आहे, पण लोखंड निरोगी आहे. दाराच्या कडेवरची कोपराची जागा, किल्लीचा जुडगा आपटून पडलेले टवके, ॲश-ट्रेच्या तोंडाशी उडालेली कपची. इथे खरी परीक्षा असते, कारण इथेच मोह होतो. टवके तेवढे बारीक ब्रशने भरता येतात. कोपराच्या जागेला मेणाचा हात पुरतो. तिथे नव्वद टक्के जुना रंग चांगला असताना दहा टक्क्यांसाठी सगळा घासून टाकणे म्हणजे एका हप्त्यासाठी खाते बुडीत काढण्यासारखे आहे.

तिसरा खाना संशयित. काचेच्या रबरातून वर्षानुवर्षे पाणी झिरपून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात फोड आले आहेत. बोटाने दाबले की कुरकुर आवाज येतो. अशा ठिकाणी आधी पाणी कुठून येते ते शोधावे, रबर बदलावे, मगच रंगाला हात लावावा. आमच्याकडे एक वाईट प्रथा होती. बुडू लागलेल्या कर्जदाराला नवे कर्ज द्यायचे आणि त्यातून जुने फिटले असे दाखवायचे. वही हिरवीगार, आतून खाते पोखरलेले. गंजावर पुट्टी थापून वर रंग मारणे ही त्याच प्रथेची सख्खी बहीण. दोन पावसाळे जातात, आणि तिसऱ्या पावसाळ्यात फोड पुन्हा वर येतो, पहिल्यापेक्षा मोठा होऊन.

चौथा खाना बुडीताचा. लोखंड कुजले आहे, किंवा पूर्वी कुणीतरी वाट्टेल त्या रंगाचे चार थर चढवले आहेत आणि ते पापडासारखे सुटत आहेत. इथे मात्र मन घट्ट करून सगळे काढावेच लागते. 'जसे आहे तसे राहू द्या, त्यातच मजा आहे,' असे म्हणणारी एक रसिक जमातही हल्ली दिसते. त्यांच्याशीही माझे जमत नाही. गंज म्हणजे आठवण नव्हे. तो थांबवला नाही तर आठवण ठेवायला पत्राच उरणार नाही.

साडीचा न्याय

समजा, रंगवायचेच ठरले. मग पहिला प्रश्न येतो, कोणता रंग? 'क्रीम', 'फिकट निळा' असे नाव सांगून भागत नाही. पन्नास वर्षांत ऊन लागून रंग बदललेला असतो. मूळ रंग शोधायचा तर जिथे ऊन पोचले नाही तिथे जावे. ॲश-ट्रे काढून त्याच्या मागे पाहावे, दाराच्या रबराखाली पाहावे, कप्प्याच्या झाकणाच्या बिजागरीपाशी पाहावे. आणि आपल्याकडच्या गाड्यांत आणखी एक हमखास जागा असते : डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती. तो अलगद सोडवला की त्याच्या पायाखाली रुपयाएवढी जागा निघते, आणि गाडी शोरूममधून आली त्या दिवशीचा रंग तिथे जसाच्या तसा असतो. ती जागा हलकेच पॉलिश करून मग नमुना घ्यावा.

हल्ली रंगाच्या दुकानात यंत्र लावून छटा जुळवून देतात. यंत्र चांगले आहे. पण जुळवलेली छटा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नये. आपल्या आया-आज्या साडी घेताना काय करीत? पदर हातात धरून दुकानाच्या पायरीवर उन्हात नेऊन बघत. दिव्याखाली एकसारखे दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे निघतात, हे त्यांना कुठल्याही पुस्तकावाचून ठाऊक होते. तोच न्याय इथे लावावा.

दुसरा प्रश्न तकाकीचा, आणि माझ्या मते हा रंगापेक्षाही महत्त्वाचा आहे. रंगाची छटा बिनचूक असूनही गाडी परकी वाटते, ती बहुतेक वेळा तकाकीमुळे. जुन्या गाड्यांना ज्या रंगाला आपले पेंटर अजूनही 'ड्यूको' म्हणतात तो नायट्रोसेल्युलोज लॅकर, किंवा भट्टीत भाजलेला एनॅमल असे. हे ड्यूको नाव अमेरिकेतल्या द्यूपाँ कंपनीचे. १९२० च्या दशकात हा रंग आला आणि मोटारीचा रंग वाळायला लागणारे दिवस तासांवर आले. या रंगांची तकाकी मऊ असते, घोटलेल्या पाटीसारखी. आजच्या रंगपद्धतीत रंगावर पारदर्शक क्लिअर कोट चढतो आणि पत्रा ओल्या काचेसारखा दिसतो. बाहेर ते एक वेळ खपते. आत मात्र साठ वर्षांच्या सीटशेजारी आणि फिकटलेल्या मीटरशेजारी तो काचेसारखा डॅशबोर्ड, आजीला नातीचे लिपस्टिक लावावे तसा दिसतो.

आणि हा केवळ रुचीचा प्रश्न नाही. डॅशबोर्डचा वरचा भाग चकचकीत केला तर त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते. संध्याकाळी पुण्याहून मुंबईकडे येताना सूर्य समोर असतो. त्या वेळी काचेत स्वतःचाच डॅशबोर्ड पाहत घाट उतरणे कुणाच्याही हिताचे नाही. वरचा भाग मंद ठेवणे ही डोळ्यांची सोय आहे. म्हणून पेंटरला स्पष्ट सांगावे : साधा सॉलिड रंग, क्लिअरशिवाय, आणि तकाकी जुन्या शाबूत भागाइतकीच. आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर नमुना काढून तो गाडीत नेऊन शेजारी धरावा. एवढा एक तुकडा पुढचे सगळे भांडण वाचवतो.

तिसरी गोष्ट, नवा रंग जुन्याशी पटेल का? न दिसणाऱ्या जागी थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा क्षणभर धरावा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर तो लॅकर आहे. ढिम्म राहिला तर भाजलेला एनॅमल किंवा नंतरचा हार्डनरचा रंग. साध्या हवेत वाळवलेल्या एनॅमलवर लॅकर मारला तर त्यातला जहाल थिनर खालचा थर उचलतो आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. मग सगळेच काढावे लागते. पाच मिनिटांच्या चाचणीने हे टळते.

बाकी पद्धत कष्टाची आहे, गूढ नाही. बॅटरी सोडवावी. सीट, मुठी, क्रोमच्या पट्ट्या, मीटर सगळे काढावे. प्रत्येक ठिकाणचे स्क्रू वेगळ्या पुडीत बांधून वर नाव लिहावे, आणि काढण्याआधी फोटो घ्यावेत. मीटरभोवती टेप आणि रद्दी लावून रंग मारला की टेपच्या कडेला रंगाची बारीक वरंबी राहते. ती आयुष्यभर दिसत राहते. गंज फक्त जिथे आहे तिथपर्यंतच लोखंडापर्यंत घासावा, जुन्या रंगाच्या कडा उतरत्या कराव्यात, प्रायमर द्यावा, पुट्टी लागलीच तर पातळ. मग वॉटर पेपर तीनशेवीसपासून चढत चढत आठशेपर्यंत. पाणी लावून घासलेले उघडे लोखंड तसेच ठेवून चहाला जाऊ नये. आपल्या दमट हवेत परत येईपर्यंत त्यावर तांबूस छटा आलेली असते.

आणि पावसाळ्यात हे काम काढूच नये. ड्यूकोचा थिनर भरभर उडतो. उडताना पत्रा गार पडतो, आणि हवेतली ओल ओल्या रंगावर धरते. रंग दुधाळ, पांढुरका होतो. जुने पेंटर जून ते सप्टेंबर ड्यूकोचे काम अंगावर घेत नसत, ते आळसाने नव्हे. गणपतीच्या आधी गाडी तयार हवी, असा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी 'दसऱ्याला देतो' म्हटले तर ते ऐकावे. तसेही, गाडीची पूजा आपण दसऱ्यालाच करतो.

पेंटरची छाती

आता ज्या गोष्टीसाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो. हे काम करणारा माणूस.

आज बहुतेक शेडमध्ये हार्डनर मिसळून मारायचा 'टू-के' रंग वापरतात. तो टिकाऊ आहे, लवकर वाळतो. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. फवारा मारताना ती श्वासातून छातीत गेली तर दमा जडू शकतो. एकदा शरीराने ती ओळखून वैर धरले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही श्वास कोंडतो, आणि त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. वास आला म्हणून सावध होऊ, असेही नाही. त्रास होण्याइतकी मात्रा असतानाही नाकाला काही कळेलच याची खात्री नसते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कागदी मास्क याला उपयोगाचा नाही. बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मुखवटा लागतो, आणि हवा खेचून घेणारी बंदिस्त जागा लागते. गाडीच्या बाहेरच्या बाजूला फवारणारा निदान उभा तरी राहतो. आत रंगवणाऱ्याला सीट काढलेल्या जागेत वाकून, डोके डॅशबोर्डखाली घालून फवारावे लागते. सगळ्यात कोंदट जागी सगळ्यात जहाल हवा तो घेत असतो, आणि आपण बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून 'संध्याकाळपर्यंत होईल ना?' म्हणून विचारत असतो.

घासण्याचेही तेच. जुन्या रंगांत शिसे असे. पिवळ्या, केशरी, लाल छटांसाठी शिशाचे क्रोमेट वापरत. लोखंडाला गंजापासून वाचवायला जो शेंदरी प्रायमर मारत, तो कित्येकदा खरोखरीचा शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड असे. आज दुकानात मिळणारा 'रेड ऑक्साइड' वेगळा, तो लोहाचा. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या पत्र्यावर काय आहे हे नुसत्या नजरेला कळत नाही. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत नव्वद भाग ही मर्यादा २०१७ पासून लागू झाली. यावरून तोवर काय चालत होते याची कल्पना यावी. सुके घासले की ती धूळ घासणाऱ्याच्या श्वासात, आणि कपड्यांवरून त्याच्या घरी जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिशाइतका छुपा शत्रू नाही. म्हणून जुना रंग नेहमी पाणी लावून घासावा, गाळ पुसून गोळा करावा, आणि हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरे खेळत असताना कदापि करू नये. ड्यूकोचा थिनर तर पेटायला ठिणगीच पुरते, हे वेगळे सांगायला नको.

माझ्या म्हणण्याचा इथे दुसरा धागा जुळतो. जो पत्रा रंगवायची गरज नाही तो न रंगवणे हे केवळ आठवणीच्या भल्याचे नाही, एका माणसाच्या फुप्फुसांच्याही भल्याचे आहे. आपण हौसेपायी सांगितलेला प्रत्येक जादा हात कुणीतरी श्वासातून घेत असतो. आणि जिथे रंगवायचेच आहे तिथे पेंटरला मुखवटा आहे का, शेडमध्ये हवा खेळते का, हे आधी विचारावे. नसेल तर त्याची व्यवस्था अंदाजपत्रकात धरावी. बिलात क्रोमच्या पट्टीला जागा असते, तर याला का नसावी?

'आमची गाडी, आमची मर्जी'

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. 'गाडी आमची, पैसा आमचा. आम्हाला नवीकोरी हवी, तुमचे काय जाते?' खरे आहे, कायद्याने कुणी अडवणार नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, सांगाडा आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये या व्याख्येत बसू लागली. पण हा नियम सांगाड्याची आणि इंजिनाची राखण करतो, डॅशबोर्डवरच्या रंगाची नाही. जुन्या मोटारींच्या जागतिक महासंघाने, म्हणजे 'फिव्हा'ने, २०१२ मध्ये ट्यूरिन सनद संमत केली. तिचा रोख असा की, आधी जपावे, मग दुरुस्त करावे, आणि नव्याने घडवणे हा शेवटचा उपाय मानावा. तीही सनदच आहे, सक्ती नाही. शेवटी निर्णय घरच्यांचाच.

म्हणूनच घरच्यांपुढे एक उदाहरण ठेवतो. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना, १९६४ मध्ये, कुटुंबाच्या आग्रहाखातर त्यांनी फियाट घेतली. किंमत बारा हजार रुपये. खात्यात सात हजार होते. उरलेल्या पाच हजारांचे कर्ज त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून काढले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा ते फिटलेले नव्हते. ललिताबाईंनी पुढे निवृत्तिवेतनातून ते फेडले. ती क्रीम रंगाची गाडी दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. मी बँकवाला म्हणून त्या पाच हजारांचे मला जास्त कौतुक, हे खरे. पण विचार करा : त्या गाडीचे आतले दार ललिताबाईंच्या हाताने उघडले-मिटले असेल, तिथला झिजलेला रंग उद्या कुणी उत्साहाने घासून आरशासारखा केला, तर गाडीची किंमत वाढेल की कमी होईल? उत्तर आपल्याला लगेच सुचते. मग आपल्या वडिलांच्या गाडीबाबत तेच उत्तर का सुचू नये? त्यांनीही हप्ते फेडलेच होते. ती गाडी दारात यावी म्हणून वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली होती. फरक एवढाच की त्यांचे स्मारक नाही. गाडी हेच काय ते स्मारक.

मी सगळे जुने जसेच्या तसे ठेवा म्हणत नाही. घर राहते असले पाहिजे, गाडी चालती असली पाहिजे. गंजलेला कोपरा दुरुस्त केलाच पाहिजे, आणि तो असा की पुढची पंचवीस वर्षे पाहायला लागू नये. माझे मागणे फक्त एवढेच की, पहिला वॉटर पेपर लावण्याच्या आदल्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी, आईसकट, एकदा त्या गाडीत बसावे. वही घ्यावी आणि पत्र्यागणिक चार खान्यांत नोंद करावी. कप्प्याच्या झाकणावरचा ओरखडा कुणाचा, दाराच्या कडेवर हळदीचा डाग कोणत्या दसऱ्याचा, हे त्या वेळी निघेल. काही नोंदी जपाव्यात असे सगळ्यांना वाटेल, काही पुसल्या तरी चालतील. आईला कदाचित सगळेच नवे हवे असेल. तर तिचे ऐकावे. ती त्या गाडीत तुमच्याआधीपासून बसते आहे. पण तो निर्णय घरात, गाडीत बसून झालेला असावा. शेडच्या दारात, पेंटर खोळंबला आहे म्हणून झालेला नसावा.

आणि काहीही ठरले, अगदी सगळे रंगवायचे ठरले, तरी ॲश-ट्रेच्या मागची चार बोटे जागा तशीच सोडायला पेंटरला सांगावे. तिथे टेप लावावी आणि रंग वाळल्यावर काढून टाकावी. बाहेरून ती कुणाला दिसणार नाही. पण आणखी तीस वर्षांनी तुमच्या नातवंडांपैकी कुणीतरी ही गाडी पुन्हा काढेल, आणि मूळ रंग कोणता होता म्हणून शोधू लागेल. त्या वेळी सांगायला तुम्ही नसाल. त्या चार बोटांतून त्याला कळेल.